बांधाच्या आतली वेबसाइट

येळवशीचा सण झाल्यापासून तुम्ही दोघं नातवंडं मला लिंक मागताय. थोरली रोज सकाळी मेसेज करते, धाकटा नुसती प्रश्नचिन्हं पाठवतो. लिंक नाही. म्हणजे होती, एका दुपारपुरती, पण ती तुमच्या देशात उघडलीच नसती. ती का नाही, आणि तिच्याऐवजी मी हे काय पाठवते आहे, ते लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणायचं फक्त. एकदा गॅस बंद आहे का बघायला उठले, एकदा लॅपटॉपचं झाकण बंद आहे का बघायला. दोन्ही बंदच होतं.

सुरुवात तुम्हाला माहीत आहे. गावाकडच्या, मादन हिप्परग्याच्या घरातून पत्र्याची पेटी बिदरला माझ्याकडे आली, त्यात सगळ्या घराचे फोटो. मी ते पुसले, फोनवर उतरवले, क्रम लावला. नोकरीभर इंग्रजी शिकवलं, पण क्रम लावण्यात जो आनंद होतो तो मला कुठल्या कवितेत मिळाला नाही. मग थोरले, तू व्हिडिओ कॉलवर मला साधं पान बनवायला शिकवलंस आणि ते दाखवायचं कसं तेही. फोटो आणि पानं एका फोल्डरमध्ये ठेवायची, काळी खिडकी उघडून त्या फोल्डरमध्ये जायचं, पायथनची एक ओळ लिहायची आणि एंटर. बस्स. लॅपटॉप स्वतःच सर्व्हर झाला. त्याच वाय-फायवर असलेल्या कुठल्याही फोनवर लॅपटॉपचा आकड्यांचा पत्ता टाकला की पान उघडतं. कोणी पान मागितलं की काळ्या खिडकीत एक ओळ उमटते, कोणी काय मागितलं ते तिच्यात लिहिलेलं असतं. खिडकी मिटली की दुकान बंद.

मला ते फार आवडलं. मी हॉलमध्ये लॅपटॉप ठेवायचे, स्वयंपाकघरात जाऊन फोनवर पान उघडायचे, मग ओळ उमटली का बघायला परत हॉलमध्ये यायचे. कितीदा केलं विचारू नका.

तू आणखी एक शिकवलं होतंस. प्रत्येक फोटोच्या मागे एक ओळ लिहून ठेवायची. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ती वाचून दाखवतो, आणि फोटो काही कारणाने आला नाही तर त्याच्या जागी ती ओळ दिसते. मी सगळ्या फोटोंना लिहिली. "थोरले दीर, बैलजोडीसह." "नणंदेचं लग्न, मांडवाच्या दारात." नीटनेटकं, शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोखाली लिहितात तसं.

अडलं ते अक्कांच्या फोटोपाशी.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तुम्ही त्यांना पाहिलं आहे, पण लहान होतात. त्यांचा धड असा एकच फोटो आहे, तुमच्या आजोबांनी शेतात काढलेला. त्या गेल्या तेव्हा गावातल्या पोरांनी, जी बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांत कामाला आहेत त्यांनी, मोठ्या प्रेमानं त्याचा फ्लेक्स छापून आणला. हरभऱ्याचं शेत कापून टाकलं, मागे निळे ढग घातले, दोन बाजूंना समया. बसस्टँडसमोर तो बोर्ड लागला. दिवस झाले, तेरवी झाली, बोर्ड तसाच. मग एक दिवस तो तिथे नव्हता आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या थोरल्या दिरांना, सगळं घर ज्यांना अण्णा म्हणतं त्यांना, तो पुन्हा दिसला. आळंदच्या बाजाराला जाताना पुढे पोत्यांनी भरलेला टेम्पो चालला होता आणि पोत्यांवर ताडपत्री म्हणून तो फ्लेक्स बांधलेला. उलटा. अक्कांच्या तोंडावरून बरोबर दोरी आवळलेली. अण्णांनी मोटरसायकल चालवणाऱ्या पुतण्याला टेम्पोच्या पुढेही जाऊ दिलं नाही आणि मागेही थांबू दिलं नाही. आळंद येईपर्यंत तसेच त्याच्या मागे गेले. टेम्पोवाल्याला बोलले नाहीत. त्या बिचाऱ्याला कुठे माहीत होतं कोणाचं तोंड आहे ते. घरी येऊन एवढंच म्हणाले, "आता हिचा फोटो कुणाला द्यायचा न्हाई. कुणालाच."

म्हणून पेटी माझ्याकडे आली तेव्हा तो फोटो तिच्यात नव्हता. तो अण्णांकडे होता. मी मागितला. तुमच्यासाठी मागितला, खोटं कशाला बोलू. तुम्ही दोघं सोडून घरातल्या सगळ्यांना अक्का आठवतात.

अण्णा म्हणाले, "मास्तरीणबाई, नेटवर टाकणार तुम्ही."

"नेटवर नाही, अण्णा. माझ्या लॅपटॉपवर. त्याच्या आसपास जे असतील त्यांनाच दिसतं. लांबच्याला नाही."

"अमेरिकेच्या पोरांना?"

"त्यांनाही नाही. ती आली तर दिसेल."

डोळ्यांत पडदे आलेत त्यांच्या, त्यामुळे ते माझ्याकडे बघत होते की माझ्यामागच्या कोनाड्याकडे, कळत नव्हतं.

"म्हंजी बांधाच्या आत."

"हो. बांधाच्या आत."

किती पटकन हो म्हणाले मी! फोटो हातात आला, मी बिदरला घेऊन आले, उतरवला, पानात बसवला, आणि तिथून माझी झोप गेली. घरात सगळं ठीक चालत होतं. पण आमच्या घरात वाय-फाय आहे आणि त्या वाय-फायच्या मागे जगभरचं नेट आहे. भिंतीतून पाणी झिरपतं तसं काही झिरपत असेल का? मी तुला विचारलं, तू म्हणालीस, आजी, नाही झिरपत. मी फोनचा डेटा लावून, वाय-फाय बंद करून पत्ता टाकून पाहिला. उघडला नाही. गच्चीवर जाऊन पाहिला. शेजारणीच्या घरी चहाला जाऊन, ती साखर आणायला आत गेली तेव्हा पाहिला. नाही उघडला. तरी चैन नाही.

शेवटी ठरवलं, येळवशीला शेतातच दाखवायचा. ओढ्याकाठच्या त्या खोलगटात मोबाइलला रेंज येत नाही. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, लॅपटॉप त्याला जोडायचा, बाकीचे फोन त्याला जोडायचे. मागे नेटच नाही तर जाणार कुठे?

येळवस तुम्ही पाहिलेली नाही. पौषाच्या तोंडाशी येणारी ती वेळा अमावस्या, त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही, सगळं शेतात. कडब्याची खोप करतात, आत पाच दगड पांढरे करून पांडव म्हणून मांडतात, पूजा होते, आणि मग जेवण. पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगाच्या पोळ्या, बिंदग्यातली म्हणजे घागरीतली ताक-ज्वारीची आंबील. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याचे ढाळे घाट्यांनी भरलेले. वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात.

मी मात्र जेवले नाही. खोपीच्या सावलीला पाटावर लॅपटॉप ठेवला आणि त्याच्यापुढे बसून राहिले. हॉटस्पॉटला मोजकेच फोन लागतात, बाकीच्यांना तो घेत नाही. झालं, गोंधळ सुरू. "माझा जोडायला न्हाई!" "तुझा काढ की, तू बघून झालास!" अण्णांच्या सुनेनं मग पदर खोचला. ती निंबर्ग्याची मुलगी, घरात कानडी बोलून वाढलेली, मला चिक्कम्मा म्हणते, म्हणजे धाकटी आई. ती उभी राहून म्हणाली, "ए, पंगत लावा की. पहिली पंगत म्हाताऱ्यांची. बघून झालं की वाय-फाय बंद करून उठायचं, मग दुसरी बसायची. ताटावर बसून ऱ्हायचं न्हाई."

आणि तसंच झालं. पंगतीनं फोटो पाहिले लोकांनी. माझ्या काळ्या खिडकीत ओळींवर ओळी धावत होत्या. नणंदेचं लग्न, बैलजोडी, गुरांचा जुना वाडगा. आणि मध्ये मध्ये अक्का. कोणी अक्का मागितल्या की ओळ यायची आणि मी मान वर करून बघायचे, कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे. एक म्हातारी चुलतसासू फोनला हात लावून नमस्कार करून मोकळी झाली.

अण्णांनी मात्र फोटोकडे पाहिलंही नाही. त्यांना वेगळंच पाहायचं होतं.

जेवणं झाल्यावर शेताला फेरी असते. घोंगडं पांघरलेला माणूस पुढे आंबिलीचं भांडं घेऊन पिकावर आंबील शिंपडत जातो, मागचे आरोळ्या देतात. अण्णा दरवर्षी फेरीला जातात. या वर्षी त्यांनी सुनेला हाक मारली, "तुझा फोन घे. हिचा फोटो लाव त्यात आन् माझ्यासंगं चल. कुठवर दिसतो बघू."

मी वरवर हसले. हॉटस्पॉट किती लांब जाणार! बांधावरच्या चिंचेपर्यंत सुद्धा नाही. उलट बरंच, त्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध होईल. मी लॅपटॉप सोडला नाही, तिथूनच फेरी बघत होते. ज्वारीच्या वर घोंगडं दिसत होतं, मग तेही दिसेना. आरोळ्या लांब लांब गेल्या. मग पलीकडच्या बांधावर थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

मी उठून गेले. माझ्या गुडघ्यांना ढेकळं चालत नाहीत, तरी गेले.

पलीकडच्या बांधावर अण्णा उभे होते. सून शेजारी फोन धरून, आणि फोनवर अक्का. स्वच्छ. जशाच्या तशा.

"हे कामून दिसायलंय?" अण्णांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही म्हणालाव, लांब गेलं की दिसत न्हाई. हितून तर खोप बी दिसंना. हा फोटो कसा दिसायलाय?"

"अण्णा, हे आधी उघडलेलं पान आहे. आलेलं आलं. पुन्हा मागितलं तर नाही येणार." मी सुनेच्या हातून फोन घेतला, पान पुन्हा उघडायला लावलं. पांढरा पडदा आला, साइट उघडत नाही म्हणाला. "बघा. गेला."

अण्णा खूश होतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "म्हंजी एकदा आलं की फोनमधी ऱ्हातं. पुन्हा मागू नये बस."

"हो. पान बंद करेपर्यंत…"

"आन् ही फोन घेऊन निंबर्ग्याला गेली तर संगं जातो?"

लॅपटॉपमधून काय बाहेर जातं याचाच मी इतके दिवस विचार करत होते. ज्यांच्याकडे गेलं ते उठून चालत घरी जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाढलेलं पोटात जातंच की.

"जातो," मी म्हणाले.

ते आंबिलीवाल्याच्या मागून पुढे चालू लागले. फेरी अर्धी सोडत नाहीत.

मी मात्र तरातरा खोपीकडे आले. वाटेत दोनदा ठेचकाळले. लॅपटॉपवर अक्कांचा फोटो फोल्डरमधून काढून बाहेर ठेवला. आता नाहीच ना! ज्यांचे फोन जोडलेले होते त्यांना म्हटलं, पान पुन्हा उघडा. एकाच्या फोनवर फोटो गेला. दुसऱ्याच्या फोनवर गेला नाही. फोल्डरमध्ये फोटो नाही, काळ्या खिडकीत कोणी मागितल्याची ओळ नाही, आणि फोनवर अक्का आहेतच! फोननं आपल्याजवळ एक प्रत ठेवून घेतली होती आणि तीच तो दाखवत होता. मी ओरडले, शाळेत ओरडायची तशी, "कोणी घरी जायचं नाही! सगळ्यांनी फोन इकडे आणा!"

"आता जप्ती आली काय?" कोणीतरी म्हणालं. "पोलीस पाटील झाल्या काकू." हसले सगळे. हसत हसत फोन देत होते. मी एकेकाचा ब्राउझर उघडून साठवलेलं पुसत होते. पुसताना कुणाचे पासवर्ड गेले, कुणाची चालू असलेली क्रिकेटची पानं गेली, त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. तेवढ्यात फेरी परत आली. अण्णा खोपीत येऊन पांडवांशेजारी टेकले.

शेवटचा फोन सुनेचा राहिला. तिनं तो दिला नाही. पदराखाली धरून उभी राहिली.

"मी स्क्रीनशॉट काढलाय," ती म्हणाली.

हसणं थांबलं.

"कामून काढलीस?" अण्णा म्हणाले.

"कामून म्हंजी? मामा, तुमच्याकडं कागदाचा हाय. रोज संध्याकाळी काढून बघताव, मला काय कळत न्हाई व्हय? तीन वर्सं त्यांना मी न्हाऊ घातलं. वेणी घातली. माझ्याकडं त्यांचं काय हाय? तो टेम्पो तुम्ही बघितलाव, मी न्हाई बघितला. मला त्यांचं तोंड नीट आठवायला पायजे." आणि मग हळू आवाजात, "मी डीपी लावणार न्हाई. कुणाला दाखवणार न्हाई. शपथ."

मी अण्णांकडे बघत होते. त्यांना ते पटलं होतं, मला दिसत होतं. ते हो म्हणणार होते. पण आधी माझ्याकडे वळले.

"मास्तरीणबाई, खरं सांगा. हिनं कुणाला दिला न्हाई तरी तो फोन रोडला लागल्यावर, रेंज आल्यावर, फोटो आपसूक कुठं जातो का?"

या वेळी मला पटकन उत्तर द्यायचं नव्हतं. मी सुनेला विचारलं, "तुझे फोटो आपोआप वर साठतात का गं? फोन बदललास तेव्हा जुने परत आले होते?"

तिनं मान हलवली. आले होते.

"मग जातो," मी म्हणाले.

अण्णांनी सांगायच्या आधी तिनंच फोन काढला, आमच्याकडे पाठ केली, ज्वारीकडे तोंड करून उभी राहिली. मग अंगठा हलला. वळून फोन माझ्या मांडीवर टाकला. "घ्या. पुसा काय पुसायचं ते."

मी तिचं ब्राउझर पुसलं आणि पान पुन्हा उघडून बघितलं. फोटोची जागा रिकामी होती आणि तिथे मी मागे लिहिलेली ओळ आली होती. मी ती विसरूनच गेले होते.

"काय आलंय?" अण्णांनी विचारलं. "हिच्या जागी काय लिवलंय?"

मी वाचलं, "थोरल्या जाऊबाई, शेतात, हसताना."

"हसताना?"

"हो. फोटोत हसताहेत ना त्या."

"कोण म्हणालं?" अण्णा म्हणाले. "त्या बोर्डवाल्यांनी बी तेच लिवलं होतं, हसतमुख. हसतमुख! ती वरडायलीय." आणि मग सुनेला, आम्हाला नाही, फक्त तिला, "ये, बस हितं. तुला तोंड आठवायचंय न्हवं? मी सांगतो. तुला सांगतो, मास्तरीणबाई लिवून घेतील."

ती लगेच बसली नाही. रुसलेली होती. भांडी आवरल्यासारखं केलं, बिंदग्यावर झाकण ठेवलं, मग येऊन बसली. अण्णा सांगत गेले. मी लॅपटॉपवर टंकत होते. मध्ये मी एकदा शब्द सुधारून लिहिला तर सुनेनं बघून सांगितलं, "चिक्कम्मा, मामा असं न्हाई म्हणाले." मी तसाच लिहिला, जसा ते म्हणाले.

झाल्यावर मी विचारलं, "अण्णा, फोटो नाही, पण हे लिहिलेलं पोरांना पाठवू? लांबच्या?"

"हे कशावर बांधणार कोण?" ते म्हणाले. "पाठवा."

कागदाचा फोटो माझ्या पर्समध्ये होता, त्यांना परत द्यायला आणलेला. मी तो पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "हिला द्या," म्हणाले. "संध्याकाळी मी मागून घेत जाईन."

तिन्हीसांजेला कडब्याची पेटती मशाल घेऊन माणसं शेताभोवती पळाली आणि आम्ही निघालो. मी खिडकी मिटली, झाकण लावलं. गाडी आळंदच्या पुढे आली आणि मला आठवलं, फोनमध्ये पुसलेले फोटो लगेच जात नाहीत. कचऱ्याच्या पेटीत पडून राहतात, महिनाभर! मी तिथूनच अण्णांच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "ते बी काढलं चिक्कम्मा, शेतातच काढलं. आता तुम्ही झोपा." मी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. आज पुन्हा करावासा वाटतोय, पण ती आता रागावेल.

तर लिंक नाही. अक्का पाहायच्या असतील तर मादन हिप्परग्याला या, तिच्या कपाटात आहेत, संध्याकाळी अण्णांकडे असतात. तोवर त्यांच्या जागी जी ओळ आहे ती पाठवते. एक अक्षर बदललेलं नाही.

"ही हसत न्हाई. फोटो काढणाऱ्याला वरडायलीय की हरभऱ्यातून बाहेर निघ, घाटे तुडवायलास. तोंड उघडं हाय ते त्याच्यामुळं. पदर खांद्यावर आलाय ते तिला ठावं न्हाई. हातात खुरपं हाय, फोटोत आलं न्हाई. डाव्या भुवईवर वण हाय, लहानपणी निंबाखाली पडलेली. सकाळी माझ्यासंगं भांडून शेताला आलती. कामून भांडली ते आता ध्यानात न्हाई. फोटो झाल्यावर तिनं त्याला ढाळे उपटून दिले खायला, आन् मला बी दिले, पण माझ्याकडं न बघता."